तक्त्यात नसलेलं पाणी

तिचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. सव्वाचारला ती घराबाहेर पडे आणि पाचला पाच कमी असताना कारखान्याच्या फाटकात हजर. सव्वीस वर्षांत ती किती वेळा उशिरा आली ते मी सांगू शकतो. दोनदा. एकदा बस बंद पडली म्हणून आणि एकदा धाकटा भाऊ हरवला म्हणून.

तिचं काम घोटण्याचं. कारखान्यात तिला पाठीमागे चाटूबाई म्हणत, कारण तिच्या हातात कायम लाकडी चाटू असे. तोंडावर सगळे नुसतं बाई म्हणत. मी तिच्या पुढच्या टप्प्यावर होतो. तिने घोटलेला लेप माझ्या यंत्रावर यायचा, आणि मी तो पात्याखालून पत्र्यावर चढवायचो. म्हणून ती मला पातेवाले भाऊ म्हणे.

आम्ही कपॅसिटर बनवत असू, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्या. बॅटरी हळू भरते आणि हळू रिकामी होते. ही डबी क्षणात भरते आणि मागितलं की क्षणात सगळं देऊन टाकते. लिफ्ट मध्येच अडकली तर जवळच्या मजल्यापर्यंत न्यायला तिचा एक झटका पुरतो. डबीच्या आत काही जादू नाही. कागदासारखा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याच्या दोन्ही अंगांना काळा लेप, आणि त्याची घट्ट गुंडाळी. लेपात मुख्य असते कोळशाची भुकटी. साधा कोळसा नव्हे, बारीक बारीक भोकं पाडलेला. प्रयोगशाळेतल्या मॅडम सांगत की चिमूटभर भुकटीतल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर शाळेचं मैदान भरेल. वीज त्या भिंतींना धरून बसते. भोकं जास्त तर वीज जास्त.

भोकं आली की तहान आली. ही भुकटी हवेतलंही पाणी पिते. म्हणून रात्रभर ती भट्टीत वाळवावी लागे. ते काम भट्टीकाकांचं. पहाटे बाई वाळलेली गरम भुकटी तोलून घ्यायची, टाकीत पाणी आणि डिंक घालायची आणि भुकटी थोडी थोडी सोडत घोटायची. डिंक म्हणजे झाडाचा नव्हे, कंपनीतून पिंपाने येणारा. पण लेप पत्र्याला धरून ठेवतो तो तोच, म्हणून आम्ही त्याला डिंकच म्हणायचो. एका घाण्याला तीन तास लागत. यंत्र फिरवायचं, पण दर दहा मिनिटांनी थांबवून कडेला चिकटलेलं चाटूने खरवडून मध्ये ढकलायचं काम हाताचं. टाकीत चाळीस किलो भुकटी. तो चाटू एकदा मी फिरवून पाहिला. चौथ्या फेरीला माझे खांदे भरून आले. ती दिवसाला दोन घाणे घोटायची.

लेप झाला की नाही ते ती चाटू उचलून पाहायची. धार अखंड पडली आणि खाली पडल्यावर तिची घडी चार मोजेपर्यंत टिकली की झाला. तीन मोजेपर्यंत मोडली तर पातळ. पाचाला टिकली तर घट्ट, तेव्हा आणखी एखादा मग पाणी.

जेवणाच्या सुट्टीत ती हात तीनदा धुवायची, तरी नखांत काळं राहायचंच.

"बाई, तुमच्या घरी काजळ विकत आणत नसतील," कोणीतरी चिडवे.

"आणते ना. तुम्हाला लावायला. एवढं काम करता, दृष्ट लागेल एखाद्याची."

घरात ती आणि धाकटा, दोघंच. धाकटा म्हणजे चाळिशीचा दांडगा पुरुष, पण समज पाच वर्षांच्या पोराची. आई गेल्यापासून तो हिच्याकडे. पहिल्या मजल्यावरची एक खोली, खाली हमरस्ता. ही कामावर निघताना बाहेरून कडी लावायची, आणि तो दुपारपर्यंत दार बडवायचा. शेजारच्यांनी तक्रारी केल्या. एक दिवस कडी नीट बसली नाही आणि तो निघाला. दोन दिवसांनी पुलाखाली सापडला, पायात एकच चप्पल, कपाळ फुटलेलं. त्यानंतर तिने त्याला शहराबाहेरच्या संस्थेत ठेवलं. तिथे अशी चाळीस माणसं होती आणि कुंपणाच्या आत मोठं मोकळं आवार होतं. धाकटा दिवसभर तिथे चालायचा. त्याला चालायला मिळालं की तो कोणाला त्रास देत नसे.

संस्थेचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला भरावे लागत. दोन महिने चुकले की जागा दुसऱ्याला, रांग मोठी. घोटण्याच्या कामाला पहाटपाळीचा भत्ता होता, आणि तो पुरता संस्थेत जायचा. म्हणजे नोकरी गेली पाहिजे असंही नव्हतं. बाईला नुसतं घोटण्यावरून हलवलं तरी धाकटा परत त्या कडीच्या आत. हे आम्हा दोन-चार जणांना माहीत होतं.

आता आमच्या एका सवयीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिच्यातून झालं.

भिंतीवर तक्ता होता: भुकटी चाळीस किलो, पाणी ऐंशी लिटर, डिंक इतका. शेजारी वही. प्रत्येक घाण्याला काय घातलं ते वहीत लिहायचं. पहिल्या वर्षी बाईने खरं लिहिलं होतं, एक्क्याऐंशी. सुपरवायझरने तिला बोलावून घेतलं.

"हे काय, एक्क्याऐंशी?"

"एक लिटर जास्त लागलं. हवा कोरडी होती."

"हवा कोरडी असो नाहीतर ओली. तक्त्यात ऐंशी आहे, वहीत ऐंशीच पाहिजे. तपासायला लोक येतात तेव्हा त्यांना हवा दाखवू का मी?"

तेव्हापासून वहीत ऐंशी. मीही तेच करायचो. पत्र्यावरचा लेप सुकवायला माझ्याकडे गरम हवेचा लांब बोगदा होता. त्याची उष्णता गरजेप्रमाणे पाच अंश इकडेतिकडे करायचो आणि लिहायचो तक्त्यातली. सगळा कारखाना असाच चालत होता. काम हाताने व्हायचं आणि वही तक्त्यावरून भरायची. माल चांगला निघत होता, म्हणून कोणाला त्यात खोटेपणा वाटत नसे.

मग नवी भुकटी आली. जुनीपेक्षा भोकं कितीतरी जास्त, त्याच आकाराच्या डबीत दीडपट वीज मावणार. मोठी मागणी आली होती. तक्ता मात्र जुनाच लागू केला. ऐंशी लिटर.

पहिल्या दिवशी ऐंशी लिटरमध्ये लेप झालाच नाही. टाकीत ओल्या मातीसारखे गोळे. भुकटीने सगळं पाणी पोटात घेतलं होतं. यंत्र कण्हायला लागलं. बाईने सुपरवायझरला बोलावलं. त्याने टाकीत डोकावून पाहिलं आणि घड्याळाकडे.

"आठला पातं चालू व्हायला पाहिजे. काय ते तुम्ही बघा. तुमच्या हाताला कळतं."

"पाणी फार लागेल, साहेब."

"किती लागेल ते मी आता विचारलं का? माल पडला पाहिजे."

तिने मगाने घातलं. एक लिटरचा स्टीलचा मग. एरवी एक, फार तर दोन. त्या दिवशी अकरा. लेप सुरेख वाहिला. घडी चार मोजेपर्यंत टिकली. वहीत ऐंशी.

पाणी जास्त म्हटल्यावर माझ्याकडे पत्रा बोगद्यातून ओलाच बाहेर यायला लागला. वेग कमी करायला परवानगी नव्हती. मी उष्णता वीस अंशांनी वाढवली. वहीत तक्त्यातली लिहिली. पत्रा कोरडा, काळाभोर, गुळगुळीत निघाला. हात फिरवला तर रेशीम. साहेब लोक खूश झाले. चार महिने आम्ही रोज दोन घाणे असे काढले.

चार महिन्यांनी पेट्या परत यायला लागल्या.

डब्या उघडून पाहिल्या तर लेप पत्र्यावरून पापुद्र्यांनी सुटलेला. प्रयोगशाळेच्या मॅडमनी कारण शोधून काढलं. लेपात पाणी फार असेल आणि तो घाईने तापवून सुकवला, तर पाणी वर पळतं आणि जाताना डिंकाला बरोबर नेतं. वरचा थर घट्ट होतो, खाली पत्र्याजवळ डिंक उरतच नाही. वरून रेशीम, आतून सुटलेलं. प्रत्येक घाण्यातली एक बरणी झाकण घट्ट लावून कपाटात ठेवायची पद्धत होती. मॅडमनी त्या बरण्या उघडून मोजल्या. पाणी जास्त निघालं, सगळ्या बरण्यांत.

मग वही पाहिली. वहीत ऐंशी, चार महिने, एक थेंब चूक नाही. म्हणजे पाणी टाकीत घातलेलं नाही. मग आलं कुठून? भुकटीतून. म्हणजे भुकटी ओली होती. म्हणजे भट्टीकाकांनी ती वाळवली नाही.

कागदावरून पाहिलं तर हिशेब चोख होता.

भट्टीकाकांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. चौकशी संपेपर्यंत त्यांना घरी बसवलं आणि देणं रोखलं. ते भांडले नाहीत. जाताना भट्टीचं दार पुसून गेले. जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर आमच्या टेबलावर येऊन बसला.

"म्हातारा झोपत असणार. मी आधीच म्हणत होतो, भट्टीवर तरणा माणूस द्या. सुंठीवाचून खोकला गेला."

बाईने डब्याचं झाकण लावलं. अर्धा डबा शिल्लक होता.

"त्यांनी भट्टी कधी चुकवली नाही," ती म्हणाली.

"मग पाणी काय आभाळातून पडलं, बाई?" त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. त्याला माहीत होतं. तिलाही कळलं की त्याला माहीत आहे. "वही तुमचीच आहे ना? वहीत काही चूक आहे का? नाही ना? मग जेवा निवांत."

संध्याकाळी मी सुटलो तेव्हा ती फाटकाबाहेर माझ्यासाठी थांबली होती.

"भाऊ, बोलू का?"

मी काय म्हणालो ते लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "बाई, काकांना दोन मुलगे आहेत. ते बघतील त्यांना. धाकट्याला कोण आहे?"

"तेच तर."

"मग हात दाखवून अवलक्षण कशाला? चौकशीत काही सिद्ध होणार नाही. फार तर काकांचं थोडं देणं बुडेल."

"थोडं," ती म्हणाली. मग बस आली आणि ती गेली.

रविवारी ती संस्थेत गेली, आणि मीही सोबत गेलो. का ते नक्की सांगता येत नाही. बहुधा तिने गप्प राहावं म्हणून. धाकटा कुंपणाच्या कडेकडेने चालत होता. आम्हाला पाहून थांबला नाही, फेरी पूर्ण करूनच आला. अंग भरलं होतं, कपाळावरची खूण पुसट झाली होती. ताईचा हात हातात घेऊन त्याने तिची नखं पाहिली.

"काळं," तो म्हणाला.

"कामाचं आहे रे."

"धू."

"धुतलं. जात नाही."

त्याला ते फार विनोदी वाटलं. तो हसत हसत पुन्हा चालायला गेला. निघताना संस्थेच्या कारकुनाने आठवण करून दिली, पाच तारीख जवळ आली आहे. बाईने मान हलवली. परतताना बसमध्ये ती तासभर नखं कोरत बसली. मला वाटलं, गप्प राहायचं ठरलं. उतरायच्या आधी म्हणाली, "काकांनी मला भुकटी नेहमी कोमट असताना दिली, भाऊ. गार झाली की पाणी धरते म्हणून धावत आणून द्यायचे. गुडघे गेलेत त्यांचे."

सोमवारी पहाटे पाच वाजता घोटण्याच्या खोलीत ती, सुपरवायझर आणि प्रयोगशाळेच्या मॅडम होत्या. तिनेच दोघांना निरोप दिला होता. मी पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिलो.

"भुकटी मॅडमनी स्वतः वाळवून आणली आहे," बाई म्हणाली. "आता तक्त्याप्रमाणे करते."

तिने ऐंशी लिटर मोजून घातलं. तासाभराने गोळे झाले. तिने चाटू उभा केला. तो टाकीत तसाच उभा राहिला.

"हे तक्त्याचं," ती म्हणाली. तिने मग उचलला. "आणि हे माझं. एक." ओतलं, घोटलं. "दोन."

सुपरवायझर म्हणाला, "बाई, हा काय तमाशा आहे?"

"तीन. तुम्ही म्हणालात, माल पडला पाहिजे. चार."

अकरापर्यंत तिला तास लागला, कारण प्रत्येक मगानंतर ती नीट घोटत होती. दाखवायचं म्हणून तिने काम उरकलं नाही. शेवटी लेप वाहिला. तिने चाटू उचलला आणि धार पडली. मग वही घेतली, पाण्याच्या रकान्यात एक्क्याण्णव लिहिलं आणि सही केली.

मॅडमनी वहीची मागची पानं उलटून पाहिली. "बाई, हे असं चार महिने?"

"चार महिने. रोज दोन घाणे."

"आणि लिहिलं ऐंशी."

"लिहिलं ऐंशी."

"कोणी सांगितलं तसं लिहायला?"

सुपरवायझर खिडकीबाहेर पाहत होता. बाई म्हणाली, "सही माझी आहे."

"आणि बोगदा? एवढं पाणी नेहमीच्या उष्णतेत सुकलं कसं?"

"ते मला विचारू नका. मी पाण्याचं सांगते." ती माझ्याकडे वळलीही नाही.

बोलायची वेळ तीच होती. मी दारातून मागे सरकलो आणि पातं पुसायला घेतलं. पातं आधीच स्वच्छ होतं.

वीस अंशांचं मी मॅडमना तिसऱ्या दिवशी सांगितलं, एकटं गाठून. त्यांनी लिहून घेतलं आणि कोणाचं नाव घातलं नाही. तोवर बाईच्या नावाने कंपनीचं पत्र निघालं होतं. खोट्या नोंदी, चौकशी, घोटण्यावरून बदली, आणि पहाटपाळीचा भत्ता बंद.

भट्टीकाका परत आले. त्यांची कोणी माफी मागितली नाही. पहिल्या दिवशी ते भुकटीचं घमेलं घेऊन सवयीने घोटण्याच्या खोलीत धावत आले, आणि तिथे दुसऱ्याच माणसाला पाहून उभे राहिले.

मॅडमनी तीन आठवडे बाईला रोज दोन तास बोलावून घेतलं. प्रत्येक मग, प्रत्येक मिनिट, चाटूला किती जोर लागतो तेही विचारून लिहिलं. मॅडम माणूस म्हणून भल्या, काम मन लावून करणाऱ्या. त्यातून नवा तक्ता झाला. पाणी कमी, घोटायचं दुप्पट वेळ, डिंक दोन हप्त्यांत, बोगदा मंद. लेप पत्र्याला असा बसला की नखाने निघेना. आणि एकदा तक्ता खरा झाल्यावर हाताची गरज उरली नाही. सहा महिन्यांत नवी टाकी आली. ती आपणच कडा खरवडते आणि पाण्याचं मापही आपणच लिहिते. आम्ही खोटं लिहीत होतो तोवर कंपनीला बाई लागत होती. तिने खरं सांगितलं आणि तिचं काम कागदावर उतरलं. हे तिला आधी कळलं नसेल असं मला वाटत नाही. ती मंदबुद्धीची नव्हती.

पेट्या बांधण्याच्या विभागात तिने पाच महिने काढले. संस्थेचे पहिले तीन महिने तिने साठवलेल्यातून भरले. चौथा आणि पाचवा चुकला. मी पैसे पुढे केले. तिने हात मागे घेतला.

"एकदा द्याल, दोनदा द्याल. दर पाच तारखेला मी तुमच्या दारात उभी राहू का?"

मी तेवढ्यावर पैसे परत खिशात ठेवले. आणखी आग्रह करता आला असता.

संस्थेने जागा दुसऱ्याला दिली. त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला, कारण धाकट्याला कडी लावून आठ तास कामावर जायला ती तयार नव्हती. सव्वीस वर्षांचा फंड एकदम हातात आला. लोकांनी सल्ले दिले. बँकेत ठेवा, व्याज खा. शिवणयंत्र घ्या. तिने शहराच्या पार टोकाला, शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे, एक खोली घेतली. पत्र्याचं छप्पर, नळ बाहेर. खोलीपेक्षा तिला मागची रिकामी जागा हवी होती. दगडगोट्यांची, चाळीस पावलं लांब, पंचवीस रुंद. तिने ती पावलांनीच मोजली.

जागेला भिंत नव्हती. पलीकडे रस्ता, मालाचे ट्रक. उरलेला सगळा पैसा भिंतीत गेला. गवंडी म्हणाला, पाच फूट पुरे. ती म्हणाली, धाकटा सहा फूट आहे, सात घाला. विटा कमी पडल्या तेव्हा तिने हातातल्या दोन बांगड्या विकल्या. मी आणि भट्टीकाका तीन रविवार विटा वाहायला गेलो. काका गुडघ्यांमुळे खाली बसूनच विटा पुढे सरकवत होते. त्यांच्यात आणि बाईत त्या पत्राबद्दल एक शब्द झाला नाही. दुपारी ती आम्हाला चहा द्यायची आणि पुन्हा घमेलं उचलायची. तीन माणसांचं काम तिने एकटीने ओढलं.

आता ती घरी बसून कागदी पिशव्या चिकटवते. त्यात दोघांचं कसंबसं भागतं. मी मधूनमधून जातो. धाकटा भिंतीच्या आत फेऱ्या मारत असतो. इथे दुसरी माणसं नाहीत, म्हणून तो अधूनमधून थांबतो आणि भिंतीला कान लावून पलीकडचे ट्रक ऐकतो. तिला विचारलं, पुरतं का, तर म्हणते, त्याला चालायला जागा आहे.

सव्वीस वर्षं पहाटे पावणेचारला उठून तिने जे कमावलं, त्याची ही भिंत झाली. सात फूट उंच, चारी बाजूंनी, आणि मध्ये एकच दार, त्याला कडी आतून.